पांढरी दोनची कटकट आणि पिस्टनमधला गुलाल
वाचकांचे प्रश्न : बँड आणि बेंजो

प्रश्न : आमच्या बँडमध्ये दोन ट्रंपेट, क्लॅरोनेट, आल्टो सॅक्सोफोन आणि युफोनियम आहे. यंदा कीबोर्ड आणि गायकही घेतला. गायकाची पट्टी पांढरी दोन (म्हणजे कीबोर्डची दुसरी पांढरी, 'डी', हा सा). ती धरली की ट्रंपेट आणि सॅक्सवाले हमखास अडखळतात. कीबोर्डवाला म्हणतो, त्यांना सूरच कळत नाही. चूक कुणाची? (बँडमास्तर, सांगोला)

उत्तर : पट्टीची. ट्रंपेट आणि क्लॅरोनेट ही काळी पाचची वाद्यं. ट्रंपेटवाला एकही पिस्टन न दाबता ज्याला 'सी' म्हणतो, तो कीबोर्डवर काळी पाच असतो. आल्टो सॅक्स काळी दोनचा. त्यामुळे कीबोर्डवाल्याला सोपी वाटणारी पट्टी फुंकणाऱ्याला सोपी असेलच असं नाही. उलट बहुतेक वेळा ती अवघडच निघते.

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत कीबोर्डच्या सापासून ट्रंपेट-क्लॅरोनेटसाठी दोन घरं वर जायचं, आल्टोसाठी तीन घरं खाली यायचं. पांढरी दोन धरली तर ट्रंपेटचा सा 'ई'वर येतो आणि शुद्ध स्वरांच्या गाण्याला चार शार्प (एक घर चढवलेले स्वर) लागतात. आल्टोचा सा 'बी'वर जातो, तिथे पाच शार्प. रस्त्यात चालता चालता, अंधारात, पाच शार्प सांभाळणारा सॅक्सवाला मिळाला तर त्याला सोडू नका. बाकीच्यांना दोष देऊ नका.

आता गायकाला फक्त एक घर वर घ्या, काळी दोनला. ट्रंपेटचा सा 'एफ'वर आला, एकच फ्लॅट (एक घर उतरवलेला स्वर). आल्टोचा सा 'सी'वर, एकही नाही. गायकाला तारसप्तकात एवढं चढणं झेपत नसेल तर एक घर खाली, काळी एक : ट्रंपेटला तीन फ्लॅट, आल्टोला दोन. तेही चालतं. कुठली पट्टी घ्यायची ते गायकाच्या खालच्या सुरांवर ठरवू नका. अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा तीनदा म्हणायला लावा. तिसऱ्यांदाही गळा दाटला नाही, तर ती पट्टी पक्की.

भैरवीत मात्र हे सगळं उलटं होतं. रे, ग, ध, नी चारही कोमल असल्यामुळे पांढरी दोनची भैरवी ट्रंपेटला 'ई'पासून सरळ एकाही शार्प-फ्लॅटशिवाय वाजवता येते, आल्टोला एकच शार्प लागतो. तेव्हा वहीत गाण्यापुढे नुसती पट्टी लिहून भागत नाही, कोमल-तीव्र स्वरही लिहा.

एक सवय मात्र आजच मोडा. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं (पट्टी आपोआप वर-खाली करणारं) बटण दाबून वाजवणारा स्वतःच्या बोटांखालची पट्टी ओरडून सांगतो आणि सगळे फसतात. पट्टी सांगायची ती कानाला ऐकू येणारी.

प्रश्न : निघताना सूर पक्के जुळवतो, पण वरात अर्धी होईपर्यंत ट्रंपेट कीबोर्डच्या वर गेलेला असतो. वाद्य खराब आहे का? (ट्रंपेटवादक, बार्शी)

उत्तर : वाद्य चांगलं आहे, जुळवणी लवकर झाली. नळीतली हवा तापली की सूर चढतो, साधारण एका अंश सेल्सियसला तीन सेंट. शंभर सेंट म्हणजे एक घर. थंड ट्रंपेट जुळवला आणि फुंकून फुंकून आतली हवा सात-आठ अंशांनी तापली तर वीस-पंचवीस सेंटचा फरक पडतो. एवढा फरक रस्त्यावरच्या बघ्यालाही खटकतो. कीबोर्ड तसूभर हलत नाही, म्हणून दोष ट्रंपेटवर येतो.

आधी दहा मिनिटं वाजवा, मग जुळवा. कीबोर्डवाल्याने काळी पाच दाबून ठेवायची. ट्रंपेट आणि क्लॅरोनेटने आपला 'सी' द्यायचा, आल्टोने 'जी'. ट्रंपेटची नळी सुमारे दीड मीटर लांब असते, म्हणून मोठी स्लाईड एक सेंटीमीटर ओढली की (वाढ दोन्ही बाजूंनी होते, म्हणजे दोन सेंटीमीटर) सूर वीसेक सेंट उतरतो. क्लॅरोनेटला तोंडाजवळचा बॅरल एक-दोन मिलिमीटर, सॅक्सला कॉर्कवरचा माउथपीस बाहेर ओढायचा. जेवणाच्या पंगतीनंतर वाद्यं पुन्हा थंड झालेली असतात, तेव्हा स्लाईड आत घेऊन निघा आणि दहा मिनिटांनी परत तपासा. आणि कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग ४४० हर्ट्झवर आहे ना, ते एकदा बघा. दुसऱ्याकडून आणलेल्या कीबोर्डवर ते कुणीतरी हलवून ठेवलेलं असतं.

प्रश्न : विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर ट्रंपेटचे पिस्टन अडकले. रॉकेल घालून मोकळे केले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खोबरेल तेल चालेल का? (मिरज)

उत्तर : खोबरेल अजिबात नको. थंडीच्या पहाटे बाटलीत जे गोठतं ते पिस्टनमध्येही गोठतं. रॉकेल उरलंसुरलं तेल धुऊन टाकतं, गुलाल मात्र तिथेच राहतो.

पिस्टन आणि त्याची नळी यांच्यातली फट केसाहून बारीक असते. गुलालाची पूड टोपणाच्या भोकातून आत जाते, तेलात कालवली जाते आणि चिखल होतो. अडकलेला पिस्टन जोराजोराने दाबत बसलात तर तो चिखल पॉलिश पेपरसारखा घासतो. मग पितळेवर उभे चरे पडतात आणि ते कुठल्याही तेलाने भरून येत नाहीत.

तेव्हा अडकला की दाबणं बंद. वरचं टोपण फिरवून सोडा आणि पिस्टन सरळ वर ओढा, तिरका नाही. येत नसेल तर नळीत कोमट पाणी सोडून पंधरा मिनिटं थांबा. तरीही येत नसेल तर कारागिराकडे न्या. हातोडी आणि पक्कड पेटीतच राहू द्या. पाणी कोमटच हवं, कढत पाण्याने लॅकर उडतो. खालची टोपणं आणि स्लाईडही काढा. भांड्याच्या साबणाचे चार थेंब घातलेल्या पाण्यात अंग बुडवा आणि नळ्यांतून ब्रश फिरवा. पिस्टन मात्र बुडवायचे नाहीत. त्यांच्यावरचा नमदा (दाबलेल्या लोकरीची चकती) भिजला की फुगतो, पिस्टनची भोकं नळ्यांसमोर नीट येत नाहीत आणि आवाज घुसमटतो. ते ओल्या फडक्याने पुसा, मग जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने कोरडे करा. टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात.

प्रत्येक पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ज्याचा त्याच्या घरात. व्हॉल्व ऑइलचे तीन-चार थेंब सोडून पिस्टन आत सरकवा आणि हलकेच फिरवा. 'कट्' असा बारीक आवाज आला की बसला. बहुतेक ट्रंपेटमध्ये आकडा माउथपीसच्या बाजूला येतो. फुंकल्यावर हवा तटली तर समजा, एखादा पिस्टन उलटा बसलाय किंवा दोघांची अदलाबदल झालीय. व्हॉल्व ऑइल संपलं असेल तर शिलाई मशीनचं तेल एखाद्या रात्रीपुरतं चालतं.

मुळात गुलालाच्या माऱ्यात वाजवायचं नसतं. उधळण सुरू झाली की ताशा आणि ढोल चालू ठेवावेत, फुंकणाऱ्यांनी वाद्य काखेत घ्यावं. यजमानांना हे विसार घेतानाच सांगा, ऐन मिरवणुकीत कुणी ऐकत नाही.

प्रश्न : पावसात ताशा उतरतो, शेकला तर फुटतो. (वाई)

उत्तर : कातडी पान ओलावा पिऊन सैल पडतं. कडेला तापलेलं कातडं सगळ्यात आधी फाटतं, म्हणून पान जाळापासून हातभर लांब धरा, सतत फिरवा आणि मधल्या भागाला ऊब द्या. टिचकीला आवाज कोरडा आला की बस. पावसाळ्यापुरतं फायबरचं पान लावणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, जुन्या वादकांनी कितीही नाकं मुरडली तरी.

प्रश्न : टेम्पोवर जनरेटर, त्यावर बेंजो, ऑक्टापॅड आणि कीबोर्ड. बेंजोतून सतत 'हूंऽऽ' येतं. दुकानदाराने प्लगची अर्थची पिन काढायला सांगितलं. काढू का? (बेंजोवादक, चिपळूण)

उत्तर : नाही. पिन काढल्यावर 'हूं' कधी कधी जातं, पण मग एखाद्या वायरमधली गळती तारेवरच्या तुमच्या बोटातून आणि माइकला लागलेल्या गायकाच्या ओठातून वाट काढते, त्यातही पावसाळी रस्त्यावर.

आधी तारांवर हात ठेवून ऐका. हात ठेवल्यावर 'हूं' वाढलं तर बेंजोच्या आतली, तारांना जॅकच्या अर्थशी जोडणारी वायर तुटलेली आहे, एका सोल्डरचं काम. हात ठेवल्यावर कमी झालं तर वायर ठीक आहे, पिकअपला आवरण कमी पडतंय. पिकअपच्या खाचेत आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडा. हात ठेवल्याने काहीच फरक पडत नसेल तर एकेक अडॅप्टर काढत जा. बहुधा ऑक्टापॅडचा किंवा मोबाईलचा स्वस्त अडॅप्टर सापडतो. बेंजो अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून निदान दोन मीटर लांब ठेवा. बेंजोपासूनची केबल सहा मीटरच्या आत, पुढे डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल लांबच्या माइक केबलला जोगा करणारी डबी) आणि तिथून मिक्सरपर्यंत माइकची तीन पिनी केबल. लांब साध्या केबलने 'हूं' वाढतंच, शिवाय तारेची चमकही जाते.

जनरेटर आणि बोर्ड यांच्यामध्ये ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. पण लहान जनरेटरचा न्यूट्रल पुष्कळदा अर्थला जोडलेला नसतो. तसा असेल तर गळती झाली तरी ईएलसीबी पडत नाही. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर मात्र पडतो, म्हणून निर्धास्त होऊ नका. वायरमनला जनरेटर दाखवून ती जोडणी करून घ्या.

ऑक्टापॅडबद्दलही तुम्ही विचारलंय, की न मारता पॅड वाजतो. स्पीकरचा धक्का टेम्पोच्या फळीतून स्टँडमध्ये जातो. स्टँडखाली रबराची जाड चटई टाका, मग त्या पॅडचा थ्रेशोल्ड (किती जोराच्या माराला पॅडने वाजायचं ती मर्यादा) एकेक पायरी वाढवा. एकदम वाढवलात तर हलके बोल गिळले जातील. एका पॅडवर मारल्यावर शेजारचा बोलत असेल तर सेटिंग वेगळं, क्रॉसटॉकचं.

प्रश्न : सुपारीचे पैसे वाटताना दर वेळी वाद. (नाव-गाव नको)

उत्तर : वाद पैशांचा कमी, न सांगितलेल्या हिशेबाचा जास्त असतो. समजा सुपारी ३५,००० रुपयांची. टेम्पो, डिझेल आणि जेवण मिळून ७,००० आधी बाजूला. उरले २८,०००. बारा वादकांचे बारा वाटे, पार्टी चालवणाऱ्याचा एक, वाद्यनिधीचा एक : चौदा वाटे, प्रत्येकी २,०००. रीड, तारा, पानं, दुरुस्ती वाद्यनिधीतून. मालक स्वतः वाजवत असेल तर त्याला वादकाचाही वाटा मिळतो, पण वाद्यनिधी त्याच्या खिशात नको, वेगळ्या वहीत आणि वेगळ्या खात्यात.

नवरदेवावरून ओवाळून टाकलेल्या नोटा एकाच पिशवीत जमा करायच्या आणि त्याच रात्री सगळ्यांसमोर मोजायच्या. निम्मी भांडणं या नोटांवरूनच होतात. विसाराच्या पावतीवर तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, माणसं किती, जादा तासाचा दर आणि कार्यक्रम रद्द झाल्यास विसाराचं काय, हे पाच मुद्दे लिहा. मुहूर्त टळतो, वरात दोन तास उशिरा निघते आणि जादा तासाचा दर कागदावर नसतो, असं लग्नसराईत नेहमीचंच आहे.

प्रश्न : आमचा बँड स्पीकर लावत नाही. रात्री दहाची अट आम्हाला लागू आहे का? आणि वरातीत सिनेमाची गाणी वाजवायला परवाना लागतो का? (अलिबाग)

उत्तर : दहाची अट लागू आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकासोबत उघड्यावरच्या वाद्यांचाही उल्लेख आहे. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. तुमची तारीख त्या यादीत आहे का, ते पोलीस ठाण्यात आधीच विचारा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रातून मार्ग जात असेल तर तेवढ्या टप्प्यात दिवसाही वाद्यं बंद ठेवा.

गाण्यांचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ स्पष्टपणे धरलेले आहेत. तिकीट लावून केलेला ऑर्केस्ट्रा या सवलतीत बसत नाही, त्याचा परवाना आयोजकाने घ्यायचा. आयोजक 'बघू' म्हणाला तर विसार घेण्याआधी लेखी विचारा.