कन्नड कागदावर सही घेतली आणि नोकरी गेली

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी ७ वर्षे ८ महिने मोल्डिंगला होतो. पगार १५,६०० रुपये. बारा दिवसांपूर्वी ऑफिसात बोलावून 'पीएफचं काम आहे' म्हणत कन्नडमधल्या एका कागदावर सही घेतली. मला कन्नड वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी 'तू राजीनामा दिलास' म्हणून गेटवरच अडवलं. आता काय करू?
– एक कामगार, मजगाव

उत्तर : आजच मालकाला पत्र पाठवा. त्यात तीन गोष्टी हव्यात : मी राजीनामा दिलेला नाही, अमुक तारखेला मजकूर न सांगता सही घेतली, मी कामावर यायला तयार आहे, हजर करून घ्या. पत्र मराठीत लिहा, सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत बेळगावच्या कामगार खात्यात देऊन शिक्का घ्या. बारा दिवस गेलेच आहेत. गप्प बसलात तर 'खुशीनं राजीनामा दिला' हे म्हणणं बळकट होतं. तिसरी ओळही गाळू नका, कारण राजीनामा टिकला नाही तर मालक 'हा स्वतःच यायचा बंद झाला' असं म्हणतो.

सही माझी नाही, असं मात्र कधीही म्हणू नका. सही तपासली जाते, आणि ती तुमची निघाली की पुढच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्या वेळी ऑफिसात कोण होतं, किती वाजले होते, हे आत्ताच वहीत टिपून ठेवा.

त्यानंतर कामगार खात्यातल्या समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कार्यवाही होत नाही. वाद ४५ दिवसांत मिटला नाही तर अधिकारी अहवाल देतो, आणि अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. या ९० दिवसांवर डोळा ठेवा.

दावे बरेचदा पडतात ते पुराव्यापाशी. वर्षभर सलग नोकरी झाली असं धरलं जावं म्हणून आधीच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम झाल्याचं कामगारानंच दाखवायचं असतं, आणि नुसतं प्रतिज्ञापत्र त्याला पुरत नाही. २००२ साली कर्नाटकातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं. पगारी रविवार आणि सुट्ट्या या दिवसांत धरतात. पीएफचं पासबुक, ईएसआयची (कामगार विम्याची) नोंद, पगार जमा झाल्याचं बँकेचं पासबुक, सगळं आजच काढून ठेवा. मस्टर, म्हणजे हजेरीपुस्तक, मालकाकडे असतं. ते हजर करायला लावा, असा अर्ज न्यायाधिकरणात द्यावा.

पैशाचं बोलायचं तर, तुम्हाला नोकरकपातीत रीतसर काढलं असतं तरी एक महिन्याची नोटीस किंवा १५,६०० रुपये आणि दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई द्यावी लागली असती. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ८ वर्षांचे ७,८०० × ८ = ६२,४०० रुपये. ग्रॅच्युइटी वेगळी : १५,६०० × १५ ÷ २६ × ८ = ७२,००० रुपये. इथे महिना २६ दिवसांचा धरतात, भरपाईत मात्र नाही. हिशेब करणाऱ्यांची गफलत इथेच होते. राजीनामा खरा धरला तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही. घेताना पावतीवर स्वतःच्या हातानं 'हक्क राखून स्वीकारले' असं लिहा. मागचा पगारही हवा असेल, तर काढल्यापासून दुसरीकडे कमाई नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा. खरं असेल तरच.

प्रश्न : मी कागलचा, निपाणीतल्या कापड दुकानात ३ वर्षे होतो. मालकानं फोनवरून 'उद्यापासून येऊ नको' सांगितलं. नव्वद दिवसांत कोल्हापुरात तक्रार करता येते म्हणतात, खरं का?

उत्तर : तुमच्या बाबतीत नाही. तो अनुचित कामगार प्रथा रोखणारा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, तो राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडत नाही. राहता कुठे यापेक्षा काम कुठे होतं ते महत्त्वाचं. तुम्हाला कर्नाटकाचा १९६१ चा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा लागू पडतो. त्याच्या कलम ३९ प्रमाणे सहा महिने सलग नोकरी झालेल्याला वाजवी कारण आणि एक महिन्याची नोटीस किंवा पगार दिल्याशिवाय काढता येत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल तर चौकशीत पुरावा नोंदवावा लागतो. कामावरून काढल्याविरुद्ध अपील होतं. मुदत चुकू नये म्हणून या आठवड्यातच कामगार खात्यात जा. फोनचा कॉल रेकॉर्ड पुसू नका, आणि मालकाला 'मी कामाला तयार आहे' असा मेसेज आजच पाठवा.