आहेरात एकशे एकच का?

प्रिय चिऊ,

शेजारच्या ताईच्या लग्नात आजीने पाकिटात शंभराची नोट घातली आणि वर एक रुपया ठेवायला लावला. "नुसते शंभर नाही देत बाप्पा!" म्हणाली. तू फोनवर विचारलंस, का नाही देत? तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

शुभकार्यात आपण रक्कम शून्यावर थांबवत नाही. शून्य आलं की हिशेब मिटल्यासारखा वाटतो. वरचा एक रुपया म्हणजे पुढची सुरुवात, देणंघेणं आणि नातं चालू राहो ही इच्छा. म्हणून अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक. सीताबर्डीला किंवा इतवारीत आजीबरोबर गेलीस की आहेराची पाकिटं बघ, कित्येकांवर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं.

दुसरं कारणही लोक सांगतात. शंभराचे दोन सारखे वाटे होतात, एकशे एकचे होत नाहीत. तशी नव्या जोडप्याचीही फाटाफूट न होवो. मला हे कारण जास्त आवडतं, कारण १०१ ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही. दोनच काय, तीन, पाच, सात, शंभरपर्यंत कितीही सारखे वाटे करायला जा, काहीतरी उरतंच. तपासायला फक्त २, ३, ५ आणि ७ ने भागून बघायचं, कारण पुढची मूळ संख्या ११, आणि ११ × ११ तर १२१ होतात, म्हणजे १०१ च्या पलीकडे; अकरा किंवा त्याहून मोठ्याने भाग गेला असता, तर जोडीचा लहान अवयव आधीच सापडला असता.

मात्र जुन्या माणसांनी मूळ संख्या शोधून आहेर ठरवले, असं समजू नकोस. २१ म्हणजे ३ × ७, ५१ म्हणजे ३ × १७, ५०१ म्हणजे ३ × १६७. त्यांनी वरचा एक पाहिला. ११ आणि १०१ मूळ निघाल्या, हा गणिताने आपल्याला दिलेला आहेर!

१०१ ची गंमत अजून आहे. कोणत्याही दोन अंकी संख्येला तिने गुण, तीच संख्या दोनदा उमटते: ४७ × १०१ = ४७४७. चार हजार सातशे अधिक सत्तेचाळीस, बस. आणि १०१, १०१०१, १०१०१०१ अशी एक-शून्याची माळ कितीही लांबव, तिच्यात मूळ संख्या एकच, १०१. पुढची एकही नाही, हे सिद्ध झालेलं आहे. १०१०१ चे अवयव ३, ७, १३ आणि ३७, गुणून बघ.

आता आजी २५१ चं पाकीट करेल तेव्हा तूच ठरव, मूळ की नाही. १३ पर्यंतच भागायचं आहे. उत्तर कळव.

तुझा,
बाबा