मदतीचं काम करायचंय, पण भरती कुठे निघते?

तुझं पत्र मिळालं. तू पॉलिटिकल सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस, २०२३ च्या तुर्कीच्या भूकंपात आपली माणसं ढिगारे उपसताना टीव्हीवर बघितलीस, तेव्हापासून दुसऱ्या देशांना मदत पोचवणाऱ्या सरकारी एजन्सीतच जायचं असं ठरवलंयस आणि त्यासाठी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं मास्टर्स) करू का असं विचारतेयस. आणि बाबा म्हणतायत, अमेरिकेची एवढी मोठी एजन्सी बंद झाली, तू कुठे निघालीस!

बाबांचं आधी घेते, कारण ते अर्धं बरोबर आहेत. ते म्हणतायत ती अमेरिकेची परदेशांना मदत देणारी एजन्सी, यूएसएड, १९६१ मध्ये केनेडींच्या काळात सुरू झाली आणि १ जुलै २०२५ ला तिचं उरलंसुरलं काम तिथल्या परराष्ट्र खात्याकडे गेलं. पण तिथलं मुख्य केडर अमेरिकन नागरिकांचंच होतं, आपल्याकडच्यांना जागा मिळायच्या त्या इथल्या ऑफिसातल्या, म्हणजे तुझं त्यात थेट काही गेलं नाही. फटका बसला तो वेगळ्याच लोकांना. अशी एजन्सी स्वतः गावात जाऊन काही वाटत नाही गं, ती पैसा देते, आणि काम करतात तिचं कंत्राट किंवा ग्रँट घेतलेल्या संस्था, कंपन्या, यूएनवाले. तो पैसा थांबल्यावर या सगळ्यांकडच्या नोकऱ्या गेल्या, आणि पंधरा पंधरा वर्षं अनुभव असलेली माणसं आज तू बघतेयस त्याच जागांना अर्ज करतायत. हे माहीत असूनच या फील्डमध्ये ये.

मग एजन्सीतला माणूस दिवसभर करतो काय? कशाची गरज आहे त्याचा अंदाज काढतो, टेंडर लिहितो, कुणाला काम द्यायचं ते ठरवतो, हप्ता सोडायच्या आधी काम झालंय का ते तपासतो, आणि वर रिपोर्ट पाठवतो. भूकंप-पुरासारख्या संकटातही हिशोबच असतो. छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, असे जगभर मानलेले निकष आहेत, त्यावरून टँकर किती, टाक्या किती, कुठल्या बंदरात उतरवायच्या, कस्टम्समधून कोण सोडवणार हे कुणीतरी बसून काढतं. हे वाचून कंटाळा आला असेल तर आत्ताच कळलं ते बरं झालं. मला स्वतःला हा भाग भारी वाटतो, पण सगळ्यांना वाटत नाही.

आता आपल्याकडचं. भारतात या कामासाठी स्वतःची वेगळी भरती काढणारी एजन्सीच नाही, तू शोधून दमली असशील ते म्हणूनच. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात डेव्हलपमेंट पार्टनरशिप ॲडमिनिस्ट्रेशन नावाचा, दुसऱ्या देशांना द्यायची मदत बघणारा विभाग सुरू झाला, तिथे बसतात ते मुख्यतः मंत्रालयाचेच अधिकारी, म्हणजे यूपीएससी देऊन आयएफएस (परराष्ट्र सेवा) झालेले, आणि तेही आज इथे तर तीन वर्षांनी कुठल्या तरी दूतावासात. फक्त या विभागासाठी यूपीएससी देणार असशील तर नको देऊस.

खरं काम बाहेर पसरलेलं आहे. आफ्रिकेत एखाद्या देशाला पाणीयोजनेसाठी स्वस्त कर्ज द्यायचं तर ते सरकारच्या सांगण्यावरून एक्झिम बँक (आयात-निर्यातीसाठीची सरकारी बँक) देते, आणि त्यातला माल आणि सेवा साधारण ७५ टक्के भारतातून घ्यायची अट असते, म्हणजे इंजिनिअर, सल्लागार, कंत्राटदार बरेचसे आपलेच. अफगाणिस्तानातलं सलमा धरण वॅपकॉसने बांधलं, ती आपल्याच जलशक्ती मंत्रालयाची कंपनी. नेपाळमध्ये शाळा-दवाखान्यांची छोटी कामं असतात, तिथे पैसा आपला पण बांधून घेतात तिथल्याच स्थानिक संस्था. आणि आयटेक म्हणून १९६४ पासून चालू असलेला कार्यक्रम आहे, त्यात परदेशी अधिकारी आपल्याकडे ट्रेनिंगला येतात, ते ट्रेनिंग आपल्याच संस्था देतात. (हेही मदतच आहे, फक्त टीव्हीवर दिसत नाही.)

आणि तू टीव्हीवर बघितलंस ते एनडीआरएफ, म्हणजे आपत्तीत बचावकाम करणारं केंद्राचं दल. तिथेही थेट भरती नाही, बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा फोर्समधून माणसं डेप्युटेशनवर, म्हणजे काही वर्षांसाठी, येतात, त्यामुळे आधी फोर्समध्ये जावं लागतं. ग्रॅज्युएट झाल्यावर यूपीएससीची असिस्टंट कमांडंटची परीक्षा देता येते. तुर्कीला गेलेल्या टीममध्ये मुलीही होत्या, तेव्हा घरून कुणी काही म्हणालं तर हे सांग. फक्त फोर्समध्ये गेल्यावर एनडीआरएफ मिळेलच असं नाही, आणि परदेशात जाणं तर त्याहून क्वचित, कारण समोरच्या देशाने हो म्हटल्याशिवाय कुणालाच आत जाता येत नाही. २००४ च्या त्सुनामीत आपण स्वतः परदेशी सरकारांची मदत नको म्हटलं होतं आणि त्याच वेळी श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला आपली जहाजं पाठवली होती, म्हणजे यात राजकारण किती असतं बघ. तुझा विषय तोच आहे, तेव्हा तुला हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल.

तर एमएसडब्ल्यू. तुला लोकांमध्ये बसून काम करायचं असेल तर कर, चांगला कोर्स आहे. पण या फील्डमध्ये माणूस घेतात तो बहुतेक वेळा कशाचा तरी जाणकार म्हणून, म्हणजे खरेदी आणि पुरवठा, सार्वजनिक आरोग्य, पाणी-स्वच्छता, अकाउंट्स, नकाशे-डेटा, कामाची तपासणी, यातलं काहीतरी एक. नुसतं 'समाजसेवेची आवड' लिहिलेले बायोडेटा ढिगाने येतात. तुझी आकडेमोड बरी असेल (पत्रात काही लिहिलं नाहीस) तर पब्लिक हेल्थ किंवा सप्लाय चेनचं मास्टर्स बघ, आणि सोबत फ्रेंच सुरू कर, आफ्रिकेत निम्मी दारं त्याने उघडतात. मास्टर्सला लगेच पैसे घालायच्या आधी एखाद्या संस्थेत वर्षभर जा आणि मुद्दाम स्टोअर किंवा खरेदीचं काम मागून घे, फिल्डवर फोटो काढायचं नको. यूएन व्हॉलंटियर्समध्ये १८ ते २६ वयाच्या मुलांसाठी वेगळी कॅटेगरी आहे, तिथे प्रोफाइल आजच करून ठेव, वय निघून जातं.

कोर्स निवडताना सिलॅबस मागव आणि त्यात बजेट, खरेदी, मूल्यमापन यावर किती पेपर आहेत ते मोज. एकही नसेल तर कॉलेजचं नाव कितीही मोठं असू दे, फी भरू नकोस.