गॅस गिझर आणि शेगडीच्या घरात कोणता कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्यावा?

ग्वाल्हेरच्या थंडीत बाथरूममध्ये गॅस गिझर आणि आजींच्या खोलीत कोळशाची शेगडी असते, तर स्वयंपाकघरातला गॅस डिटेक्टर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. तो सिलिंडरची गळती ओळखण्यासाठी असतो. कार्बन मोनॉक्साइड वेगळा, तो गॅस किंवा कोळसा नीट न जळल्याने तयार होणारा विषारी वायू, त्याला ना वास ना रंग.

खोक्यावर ईएन ५०२९१ (EN 50291) किंवा यूएल २०३४ (UL 2034), म्हणजे अशा अलार्मचं युरोपीय किंवा अमेरिकी मानक, छापलेलं असेल तोच अलार्म घ्या. सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल (रासायनिक क्रियेने वायू ओळखणारा) हवा, आणि हवेतल्या वायूचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती) दाखवणारा स्क्रीन असला तर फारच बरं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात गेल्या पौषात आईच्या खोलीत स्क्रीनवर ११८ दिसलं आणि अलार्म कोकलायला लागला. तिचं डोकं तासभर जड होतं, आम्ही ते थंडीवर ढकललं होतं! त्या रात्रीच शेगडी अंगणात गेली, ती परत आत आली नाही.

अलार्म झोपायच्या खोलीत लावा, पडद्यामागे किंवा कपाटाआड नको. सेन्सरचं आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं असतं, म्हणून अलार्मच्या पाठीवर छापलेली बदलायची तारीख बघूनच पैसे द्या. गिझर मात्र बाथरूमबाहेर काढाच, अलार्म असला तरी. वाजला तर आधी आजींना घेऊन सगळे बाहेर पडा.