‘टॉड्री’ म्हणजे नुसतं स्वस्त नव्हे

प्रश्न : इंग्रजी कादंबरीत ‘टॉड्री’ हे विशेषण वाचलं. याचा अर्थ ‘स्वस्तातलं’ असाच ना?

उत्तर : नाही. स्वस्त असण्यात काय वाईट? सुती पंचा स्वस्तच असतो, पण त्याला कुणी टॉड्री म्हणणार नाही. हलक्या वस्तूने उंची असल्याचा आव आणला, की ती टॉड्री. सोनेरी मुलाम्याची फ्रेम घ्या. कोपऱ्यात मुलामा उडालेला आणि आतलं प्लास्टिक डोकावतंय.

प्रश्न : हा शब्द एका संत स्त्रीच्या नावावरून आला म्हणतात. खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पूर्व इंग्लंडमधली राजकन्या एथेलथ्रिथ हिने ६७३च्या सुमारास इली इथे मठ स्थापन केला. ६७९मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या गळ्यावर मोठी गाठ होती. तरुणपणी हौसेने कंठे मिरवले, त्याचं हे प्रायश्चित्त, असं ती मानत असे. इतिहासकार बीडने तसं नोंदवलं आहे. पुढे लोकांच्या तोंडी तिचं नाव ‘ऑड्री’ झालं. १७ ऑक्टोबरला तिच्या नावाने इलीत जत्रा भरे आणि तिथे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायला येत. त्या फितींना म्हणत ‘सेंट ऑड्रीज लेस’. हे भरभर म्हणून पाहा : ‘सेंट’मधला ‘ट’ पुढच्या नावाला चिकटतो. लंडनच्या टूली स्ट्रीटमधला ‘ट’ही असाच, सेंट ओलाव्हच्या नावातून आलेला.

सुरुवातीला यात हिणवणं नव्हतं. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधली मोप्सा ही खेडवळ पोर ‘टॉड्री लेस देईन म्हणाला होतास’ म्हणून हट्टाने मागते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हा शब्द भडक, हलक्या मालाला लागला. जिने कंठ्याचा मोह पाप मानला, तिचंच नाव नकली नट्ट्यापट्ट्याला चिकटलं!

प्रश्न : माणसांबद्दल वापरता येतो?

उत्तर : जपून. जास्त करून प्रकरणांबद्दल येतो, जसं ‘टॉड्री अफेअर’.

प्रश्न : भाषांतरात काय लिहावं?

उत्तर : ‘भडक’ने फक्त रंग कळतो. माझं मत ‘बेगडी’ला. मखरावरची बेगड नखाने खरवडा, खाली पुठ्ठा निघतो. नेमकं हेच ‘टॉड्री’त आहे. दागिने, सजावट यांना बेगडी लिहा. ‘टॉड्री अफेअर’ला मात्र ‘हिणकस प्रकरण’च म्हणा, ‘बेगडी प्रकरण’ लिहिलंत तर ते घडलंच नाही, असा भलताच अर्थ निघेल.