पद्मश्रीसाठी कोणती वाट निवडावी?

आदरणीय पालक, स. न.

आपली मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून तिला कृषी पदवी घ्यायची आहे. आपण मात्र प्रशासकीय सेवेचा आग्रह धरला आहे, कारण त्या वाटेने पद्मश्री आणि पुढे बढतीप्रमाणे पद्मभूषण मिळण्याचा संभव अधिक, असे आपण लिहिता. देशाने दखल घ्यावी असे काम मुलीच्या हातून घडावे, ही इच्छा मला मनापासून आवडली. परंतु डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांचा अपवाद सोडल्यास सेवेतील सरकारी कर्मचारी पद्म पुरस्कारांस पात्रच नसतात, हे आपण आधी लक्षात घ्यावे.

1954 मध्ये सुरू झालेल्या या पुरस्कारांत विशिष्ट सेवेसाठी पद्मश्री, उच्च श्रेणीच्या विशिष्ट सेवेसाठी पद्मभूषण आणि असाधारण व विशिष्ट सेवेसाठी पद्मविभूषण दिले जाते. त्यांहून वरचा सन्मान भारतरत्न. श्रेणी चढत्या असल्या तरी ती बढतीची साखळी नव्हे. पंडित भीमसेन जोशी यांना 1972 मध्ये पद्मश्री, 1985 मध्ये पद्मभूषण, 1999 मध्ये पद्मविभूषण आणि 2008 मध्ये भारतरत्न जाहीर झाले. या 36 वर्षांत त्यांचे गाणे अखंड चालू होते, आणि प्रत्येक वेळी मोजले गेले ते गाणेच. उलट डॉ. जयंत नारळीकर यांना 1965 मध्ये, वयाची तिशीही गाठण्यापूर्वी, थेट पद्मभूषण मिळाले. ज्येष्ठतेची यादी असती, तर हे घडलेच नसते.

आपल्या मुलीच्या आवडीशी थेट जोडलेले उदाहरण राहीबाई पोपेरे यांचे आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या या शेतकरी बाईंनी शाळेचे तोंड पाहिले नाही, तरी गावठी वाणांचे बियाणे निगुतीने जमवून, जपून, इतर शेतकऱ्यांना लावायला दिले; 2020 च्या पद्मश्री यादीत त्यांचे नाव होते. पुरस्कारासाठी कोणीही नागरिक नामांकन पाठवू शकतो आणि त्यात कामाचे वर्णन कमाल 800 शब्दांत द्यावे लागते. ते वर्णन पदवीच्या किंवा हुद्द्याच्या बळावर भरत नाही. त्यासाठी आधी वर्षानुवर्षे केलेले काम लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हा सन्मान नावाआधी पदवीसारखा लावताही येत नाही.

म्हणून तिला कृषी पदवीकडे जाऊ द्यावे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागेल, तेव्हा तयारी आत्ताच सुरू करावी. शक्य झाल्यास तिला सुट्टीत राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ दाखवून आणावे. पदवीनंतरही तिला स्वतःला प्रशासकीय सेवेची ओढ वाटली, तर स्पर्धा परीक्षेचा मार्ग कृषी पदवीधरांना खुला असतोच.