ठरवलं तर सुटेल, की उपचार लागतील?

व्यसनाबद्दल आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. कुणाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझे पती रोज पितात. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे. सासूबाई म्हणतात, आजारबिजार काही नाही, मनात आणलं तर उद्या सोडेल. आणि आता पतीच म्हणायला लागलेत, ‘मला आजार आहे, माझ्या हातात काय आहे?’ मी कुणाचं खरं मानू?

डॉक्टरांचं. मात्र त्या निदानातून पतींनी जी सोयीची सुटका शोधली आहे, ती त्यात कुठेही नाही.

रोज पिणारा प्रत्येक माणूस या आजाराचा रुग्ण असतोच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत. पहिली, ताबा : कधी सुरू करायचं, किती घ्यायची, कुठे थांबायचं हे हातात राहिलंय का? दुसरी, काम, घर, तब्येत मागे पडून पिणं पुढे आलंय का, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का? तिसरी, शरीराच्या खुणा : तेवढ्याच नशेला जास्त दारू लागणं, थांबवल्यावर त्रास होणं आणि तो त्रास टाळण्यासाठी पुन्हा पिणं. यांतल्या दोन गोष्टी दीर्घकाळ दिसत असतील तर ते दारूवरचं अवलंबित्व. अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०१३ची यादी ११ मुद्द्यांची आहे. बारा महिन्यांत दोन-तीन मुद्दे लागू झाले तर सौम्य, चार-पाच झाले तर मध्यम, सहा किंवा जास्त असले तर तीव्र.

‘रोज किती घेता?’ या प्रश्नाला खरं उत्तर सहसा मिळत नाही. त्याऐवजी विचारा, ‘दोनच घेईन म्हणून बसलात आणि खरंच दोनवर उठलात, असं शेवटचं कधी झालं?’ आणि सकाळी कप उचलताना त्यांच्या हाताकडे बघा. थरथरणारा हात दारूचा पहिला घोट गेल्यावर स्थिर होत असेल, तर शरीर गुंतलेलं आहे.

सासूबाईंचं म्हणणंही अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. वर्षानुवर्षांच्या पिण्याने मेंदूतली ओढ आणि आवड यांची फारकत होते. मजा फारशी उरलेली नसते, तरी ठरावीक वेळ झाली, ठरावीक माणूस दिसला, बाटलीचा आवाज झाला की ओढ उसळते, आणि तिला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग दुबळा पडलेला असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या आजारात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा निघतो. हे सगळं खरं असलं तरी निर्णयशक्ती शिल्लक असते. उपचाराची एक पद्धत यावरच उभी आहे : लघवीच्या तपासणीत नशेचा अंश सापडला नाही की त्याच दिवशी छोटं बक्षीस. कोकेनच्या व्यसनात ही पद्धत चांगलीच उपयोगी पडते. म्हणजे माणूस परिणाम बघून वागू शकतो. अट एकच, परिणाम ताबडतोब दिसला पाहिजे. ‘दहा वर्षांनी लिव्हर जाईल’ ही धमकी म्हणूनच पोकळ ठरते. दहा वर्षं फार लांब असतात, ग्लास समोर असतो.

तेव्हा पतींना एवढंच सांगा, ‘आजार तुम्ही मागून घेतला नाही, मान्य. पण उपचाराला जाणं तुमच्याच हातात आहे.’ हे प्यायलेले असताना बोलू नका, सकाळी बोला. मोघम ‘सोडा आता’ म्हणण्यापेक्षा ‘गुरुवारी दहा वाजता डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी बरोबर येते’ असं म्हणा. ते पिऊन पडले म्हणून कामावर खोटा निरोप देऊ नका, उधारी फेडू नका. या गोष्टी तुम्ही निस्तरता, म्हणून त्यांना झळच लागत नाही. त्यांचा न प्यायलेला दिवस मात्र गोड करा, त्या दिवशी जुने हिशेब काढू नका. आणि हात उगारला जात असेल तर आजाराचा विचार नंतर. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी जा.

प्रश्न : ओळखीतल्या कितीतरी जणांनी कसलाही उपचार न घेता सिगारेट, दारू सोडली. आजार असता तर असा सुटला असता का?

आपोआप बरे होणारे आजार बरेच असतात, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. तरीही प्रश्न चांगला आहे. त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं. १९७१मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. सुमारे एक पंचमांश सैनिक तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा त्या अवस्थेला पोचले. माल सहज मिळेना, ती जागा, ते सोबती, ती भीती सगळंच मागे राहिलं.

यावरून ‘म्हणजे हा आजार नव्हेच’ असं म्हणणारे तज्ज्ञ आहेत. आमच्या मते यातून कळतं ते वेगळं : आजार एकट्या मेंदूत नसतो, निम्मा भोवतालात असतो. आपल्या रुग्णाला मात्र उपचारानंतर त्याच खोलीत, त्याच मित्रांत, त्याच रस्त्याने परत यायचं असतं. सौम्य अवस्थेतले बरेच जण स्वतःच सोडतात. तीव्र अवस्थेतल्यांनी त्यांचं उदाहरण बघून थांबून राहणं धोक्याचं आहे.

प्रश्न : वडिलांनी जिद्दीने एका रात्रीत दारू बंद केली. तिसऱ्या दिवशी ते बरळायला लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणाले. आम्हाला वाटलं, झोप नाही म्हणून होतंय. घरी दारू सोडू नये का?

हे झोपेमुळे नव्हतं. पुन्हा असं झालं तर त्याच तासाला दवाखान्यात न्या.

दारू मेंदूला सतत दाबून ठेवते, आणि मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो. दारू अचानक काढली की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या ग्लासानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, छातीत धडधडतं. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांत काही जणांना भ्रम होतो : वेळ-जागा कळत नाही, नसलेलं दिसतं, ताप चढतो, रक्तदाब वर जातो. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. ‘दोन दिवस काढले, आता सुटलं’ असं घरचे म्हणत असतात नेमक्या त्याच वेळी हे सुरू होतं.

आधी कधी आकडी किंवा भ्रम झालेला, सकाळी उठल्याउठल्या प्यावी लागणारा, एकटा राहणारा, हृदयाचा, यकृताचा किंवा दुसरा मोठा आजार असलेला माणूस असेल तर घरी प्रयोग नको. अशा माणसाने डॉक्टर भेटेपर्यंत दारू एकदम तोडूही नये. डॉक्टर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देऊन तिची मात्रा पाच-सात दिवसांत उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपाम देतात. या गोळ्यांचीही सवय लागते, म्हणून उरलेली पाकिटं घरात ठेवू नका.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते : थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. खूप पिणाऱ्याच्या शरीरात ते जवळपास संपलेलं असतं आणि आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून सुरुवातीला इंजेक्शनने देतात. अशक्तपणा आला म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवून घेतलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. मग डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. सलाईन लावणाऱ्याला ‘हे रोज पितात’ हे आधी सांगा, लाजू नका.

प्रश्न : नकळत जेवणात मिसळायची गोळी मिळते म्हणतात. देऊ का?

नाही. ती बहुधा डायसल्फिराम असते. तिच्यामुळे दारूपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साठतं. मग प्यायल्यावर काही मिनिटांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. माणूस माहीत असून गोळी घेतो तेव्हा या भीतीने तो दारूला हात लावत नाही, हाच तिचा उपयोग. न सांगता दिली तर भीती नसतेच, नुसता धोका उरतो. हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही सुमारे चौदा दिवस असर राहतो, आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध किंवा माउथवॉशसुद्धा भोवू शकतं. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत. पहिल्याआधी यकृत तपासतात, दुसऱ्याआधी मूत्रपिंड.

प्रश्न : मुलगा हेरॉइनसाठी चार महिने केंद्रात राहून आला आणि पंधरा दिवसांत घसरला. एवढा खर्च वाया गेला का?

वाया गेला नाही. पण धोका आत्ता सर्वांत जास्त आहे, म्हणून आधी त्याबद्दल. चार महिन्यांत शरीराची सवय उतरलेली असते. पूर्वीच्या मात्रेने आता श्वास थांबू शकतो. विचित्र घोरणं, निळसर ओठ, टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या, हाक मारून न उठणं, यांतलं काही दिसलं तर रुग्णवाहिका बोलवा, त्याला कुशीवर वळवा, हेरॉइनचा असर उलटवणारं नालोक्सोन हे औषध हाताशी असेल तर द्या. नालोक्सोनचा असर दीड तासाच्या आतही उतरू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावतो, म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

चूक झाली ती डिटॉक्सला उपचार समजण्यात. शरीर साफ होणं ही सुरुवात. त्यापुढे औषध वर्ष-दोन वर्षं किंवा आणखीही चालू राहावं लागतं. व्यसनाच्या उपचारानंतर वर्षभरात पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के मानतात. रक्तदाब आणि दमा पुन्हा उचल खाण्याचं प्रमाणही याहून कमी नाही. तिथे आपण गोळी बदलून बघतो, इथे मात्र रुग्णालाच नापास ठरवतो.

मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉइनची जागा घेणारी औषधं चालू असताना मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. ‘एका नशेऐवजी दुसरी’ हा आक्षेप इथे गैरलागू आहे : ठरल्या मात्रेवर माणूस कामाला जातो, चोरी करत नाही, त्याला किक बसत नाही. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळू द्यायचं, गिळलं तर फारसं लागू पडत नाही. शेवटच्या हेरॉइननंतर किमान बारा तास जाऊन जांभया, नाक गळणं, अंगावर काटा असा त्रास दिसू लागल्यावरच पहिली मात्रा द्यायची. घाई केली तर ते हेरॉइनला जागेवरून हुसकावतं आणि त्रास एकदम उसळतो. मग ‘या औषधानेच मी मेलो असतो’ असं म्हणत मुलगा पळून जातो.

प्रश्न : मोबाइलचं व्यसनही आजारच का?

वर सांगितलेल्या वर्गीकरणात जुगार आणि गेमिंग यांना आजाराचा दर्जा आहे, मोबाइलला नाही. मुलगी चार तास फोन बघते एवढ्यावरून तिच्यावर रुग्णाचा शिक्का मारू नका.

प्रश्न : निकोटिनचं च्युइंगम घेतलं. उचक्या, जळजळ आणि तलफ तशीच. काय चुकलं?

चघळण्याची पद्धत. साध्या गमसारखं चघळलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथून उचक्या. हळूहळू चावा, जीभ चुणचुणली की थांबा, गोळी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवा, चुणचुण गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत कॉफी किंवा फळांचा रस नको. आम्लामुळे तोंडातून निकोटिन शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची, नाहीतर २ची. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक. बहुतेक जण तलफ आल्यावर दिवसाला तीन-चारच घेतात आणि उपयोग नाही म्हणतात. जोडीला पॅच लावला तर नुसत्या गमपेक्षा फायदा जास्त.

झोप उडाली, जीव घाबरा झाला तर कॉफी मोजा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तेवढ्याच कपांतून रक्तातलं कॅफिन चांगलंच वाढतं, आणि त्या बेचैनीलाच लोक तलफ समजतात. सोडण्याच्या दिवसापासून कप निम्मे करा.